पानाची कड बघून ब्रह्मकमळाची जात ठरत नाही

पावसाळा लागला की बागकामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. सार असं: ब्रह्मकमळ हिमालयातलं, वर्षातून एकाच रात्री फुलतं, आणि जात ओळखायला फक्त पानाची कड बघायची. कड साधी असेल तर पांढरं ब्रह्मकमळ, करवतीसारखी असेल तर ‘फिशबोन ब्रह्मकमळ’, फूल लाल आलं तर ‘लाल ब्रह्मकमळ’, आणि डिसेंबरात फुललं तर ख्रिसमस कॅक्टस. कोल्हापुरात हे झाड बहुतेक घरी ‘काकू, एक पान द्या की’ म्हणून मागून आणलेलं असतं. कुंडीवर नावाची चिठ्ठी नसते, मग असा मजकूरच प्रमाण मानला जातो.

हिमालयाचं आधी उरकून टाकू. तिथलं ब्रह्मकमळ म्हणजे सॉस्युरिया ऑब्व्हॅलाटा. ते सूर्यफुलाच्या कुळातलं, साडेतीन-चार हजार मीटरच्या वर उगवणारं आणि उत्तराखंडाचं राज्यपुष्प. कोल्हापूर जेमतेम साडेपाचशे मीटरवर. इथल्या गच्चीत ते तग धरणार नाही. आपल्याकडे असतं ते एपिफायलम ऑक्सिपेटलम. मूळचं मेक्सिको-ग्वाटेमालाकडचं, मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढणारा निवडुंग. एका रात्रीचं आयुष्य असतं ते एकेका फुलाचं: रात्री उमलायला लागतं, मध्यरात्रीपर्यंत पूर्ण उघडतं, पहाटे मान टाकतं. जुनं, मुळांनी कुंडी भरलेलं झाड जून ते ऑक्टोबरमध्ये दोन-तीनदा सहज बहरतं.

आता कडेकडे. ज्याला आपण पान म्हणतो ते चपटं झालेलं खोड आहे. कडेला ज्या खाचा दिसतात, त्यांच्या तळाशी डोळा असतो. कळी आणि नवा फुटवा तिथूनच येतो. ही कड वयाप्रमाणे आणि उजेडाप्रमाणे बदलते. फुटवा सुरुवातीला काठीसारखा गोल निघतो, नंतर चपटा होतो. दाट सावलीत खोड अरुंद राहतं आणि दात असलेल्या जातींचे दातही उथळ पडतात. म्हणजे एकाच कुंडीतल्या दोन फांद्या या मजकुराच्या हिशेबाने दोन जातींच्या ठरतील. ओळख करायचीच तर गेल्या वर्षीची, पुरती वाढलेली, चांगल्या उजेडातली फांदी धरावी.

सगळ्यात मोठा घोळ ‘फिशबोन’चा. त्या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या जाती विकल्या जातात, आणि तिन्हींच्या कडेला दात असतात.

पहिली डिसोकॅक्टस अँग्युलिगर. जुन्या चिठ्ठ्यांवर तिचं नाव एपिफायलम अँग्युलिगर असतं. बुंध्याकडचं खोड गोल, पुढे चपटं. रुंदी साधारण ३ ते ८ सेंटीमीटर. दात जाडसर आणि तिकोनी. खाच मधल्या शिरेपर्यंत पोचत नाही. वाढ झुडपासारखी, मग खाली लोंबणारी. फूल रात्रीचं, सुवासिक, आत पांढरं आणि बाहेरच्या पाकळ्या पिवळसर.

दुसरी सेलेनिसेरियस अँथोनियानस. ही चढणारी वेल आहे. फांद्या टोकाशी झुबक्याने फुटतात, कोवळा फुटवा तांबूस असतो, आणि मधल्या शिरेतून हवेत मुळं सुटतात. रुंदी ७ ते १५ सेंटीमीटर, दात लांब आणि टोकाला गोलसर. खाचेतल्या डोळ्यावर बोट हळूच फिरवून पाहा: बारीक, आखूड काटे लागतात. अँग्युलिगरच्या पक्व फांदीवर तसं काही टोचत नाही. फुलाच्या बाहेरच्या पाकळ्या जांभळट-गुलाबी असतात, त्यामुळे फूल आलं की शंका उरत नाही. अडचण एवढीच की कुंडीत ते फार क्वचित येतं. नर्सरीत ‘फिशबोन’ म्हणून हीच दोन झाडं शेजारी ठेवलेली दिसतात आणि विकणाऱ्यालाही फरक ठाऊक नसतो.

तिसरी सेलेनिसेरियस क्रायसोकार्डियम. हिच्या खाचा जवळजवळ मधल्या शिरेला भिडतात. पक्व फांदी ३० सेंटीमीटरपर्यंत रुंद होते. महाग विकली जाते, म्हणून इथे जपून. लहान रोपाचे दात आखूड असतात आणि अँथोनियानसचं रोप क्रायसोकार्डियम म्हणून खपून जातं. मूळ झाडाची पक्व फांदी दाखवा म्हणावं. नाही दाखवली तर जादा पैसे देऊ नयेत.

‘लाल ब्रह्मकमळ’ ही ऑक्सिपेटलमची लाल जात नाहीच. ते डिसोकॅक्टसच्या जातींपासून केलेले संकर आहेत, बागवान त्यांना एपिकॅक्टस म्हणतात. बहुतेकांचं फूल दिवसा उघडं असतं, दोन-तीन दिवस टिकतं आणि वास जवळजवळ नसतो. फूल नसतानाही ओळखता येतं: खोड जाड, बुडातून येणारे नवे फुटवे कित्येकदा तीन धारांचे आणि डोळ्यांवर मऊ केस. ऑक्सिपेटलमची फांदी पातळ, कड नागमोडी, केस-काटे काही नाही.

ख्रिसमस कॅक्टसबद्दलचा नियम ऐकायला सोपा, पण उपयोगाचा नाही. आपल्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात नर्सरीत येतं ते जवळजवळ नेहमी श्लुम्बर्गेरा ट्रंकाटा. त्याच्या प्रत्येक पेराला दोन्ही बाजूंनी दोन-तीन टोकदार दात, फूल आडवं धरलेलं, परागकोश पिवळे. खरा ख्रिसमस कॅक्टस म्हणजे श्लुम्बर्गेरा बकलेयी. १८४०च्या दशकात इंग्लंडमध्ये विल्यम बकले यांनी केलेला संकर. त्याच्या पेरांची कड गोलसर, फूल खाली लोंबणारं, पराग गुलाबी-जांभळट. पेराच्या टोकाला तपकिरी केस आणि फूल चांदणीसारखं सगळीकडून सारखं असेल तर तो ईस्टर कॅक्टस. तो मार्च-एप्रिलकडे फुलतो. महिन्यावरून जात का ठरवू नये, तेही सांगतो: ट्रंकाटा आणि बकलेयी, दोन्हींना कळी धरायला रोज १२-१३ तासांची सलग काळोखी रात्र साधारण सहा आठवडे लागते. ऑक्टोबरमध्ये गॅलरीतला दिवा रात्री अकरापर्यंत जळत असेल तर कळी लांबते किंवा येतच नाही. मग जानेवारीत फुललेल्या झाडाला काय म्हणायचं?

मजकुरात नसलेली एक गल्लतही होते. ड्रॅगनफ्रूटचं फूल तसंच पांढरं, तसंच रात्रीचं; परड्यातल्या वेलीला ते आलं की ‘आमचं ब्रह्मकमळ केवढं मोठं’ म्हणून फोटो येतात. खोड बघा: तीन धारा आणि काटे. फुलाच्या नळीवर रुंद हिरवे खवले असतात. ऑक्सिपेटलमची नळी सडपातळ, तांबूस, वर वळलेली आणि तिच्यावरचे खवले बारीक.

कुणाला ओळख विचारायची असेल तर फोटो चार पाठवावेत: बुंधा, पक्व फांदी शेजारी पट्टी ठेवून, एका खाचेचा जवळून, आणि फूल असेल तर बाजूने. समोरून काढलेला फुलाचा फोटो दिसतो छान, पण त्यात नळी आणि बाहेरच्या पाकळ्यांचा रंग लपतो, आणि जात नेमकी तिथे कळते.