बांधाकडेही बघा

टुटा ॲब्सोल्युटा हा पिकाची पानं-फळं पोखरणाऱ्या अळीचा पतंग फक्त टोमॅटोवर येतो, असं एका लेखात वाचलं; ते अर्धंच खरं. त्याची अळी बटाट्यावर, वांग्यावरही जगते, अन् बांधावरच्या कामोनी-धोतऱ्यासारख्या तणांवरसुद्धा. आमच्या नाशिकजवळच्या गिरणारे पट्ट्यात टोमॅटोचा प्लॉट उपटतात, बांध मात्र तसाच! मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा पाहुणा २००६ मध्ये स्पेनला पोचला, २०१४ मध्ये महाराष्ट्रात. पतंग जेमतेम ६-७ मिलिमीटरचा, करडा; दिवसा दिसणारही नाही. पान उन्हाकडे धरून बघा: नागअळीची (पान पोखरणारी दुसरी कीड) रेघ बारीक, वळणावळणाची असते. टुटाचा मात्र रुंद, पारदर्शक चट्टा, आत काळी विष्ठा. फळात ही अळी बहुधा देठाजवळून शिरते, मग फवारा कितीही मारा, उपयोग नाही. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लागवडीबरोबरच लावायला हवेत, चट्टे दिसल्यावर नाही.