गरिबी पाहिलेली नाही, असं म्हणणाऱ्या वाचकांस

‘सडेतोड’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

आपली प्रतिक्रिया वाचली. समृद्धी महामार्गात जमिनी गेलेल्या घरांबद्दल मी लिहिलं होतं की मोबदला आला, पण त्यासोबत सुख आलेलं मला आमच्या भागात फारसं दिसलं नाही. त्यावर आपण लिहिता, ‘पैशाने सुख मिळत नाही, या पोट भरल्यावरच्या गप्पा. लेखकाने गरिबी पाहिलेली दिसत नाही.’ पुढे संशोधनाचे दाखले, पुण्यातल्या मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांचं उदाहरण, आणि शेवटी, ‘शेतकऱ्याला चार पैसे मिळाले की या पगारदारांच्या पोटात दुखतं.’

मत पटलं नाही तर जरूर खोडून काढा. पण ज्या माणसाला आपण कधी भेटला नाहीत, त्याचं बालपण कसं गेलं हे इतक्या खात्रीने सांगायची ही कुठली रीत?

आधी जे बरोबर आहे ते. मी डॅनियल कानमन आणि अँगस डीटन यांच्या २०१० च्या अभ्यासाचा उल्लेख केला होता. अमेरिकेत वर्षाला सुमारे ७५,००० डॉलरनंतर रोजचा आनंद वाढत नाही, असं त्यात निघालं होतं. मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांच्या २०२१ च्या अभ्यासात तो वाढतच जातो, हे आपण दाखवलंत. २०२३ मध्ये कानमन आणि किलिंग्सवर्थ यांनी मिळून पुन्हा पाहिलं, तेव्हाही बहुतेकांचा आनंद वाढतानाच दिसला. सगळ्यात दुःखी गटाचा तेवढा एका टप्प्यावर थांबला. हे लेखात यायला हवं होतं, मान्य. पण ही अमेरिकेतल्या उत्पन्नाची मोजणी. दर वर्षी येणारी कमाई वेगळी आणि वाडवडिलांची जमीन देऊन एकरकमी आलेला पैसा वेगळा. मी दुसऱ्याबद्दल लिहिलं होतं, म्हणून हा विषय इथेच सोडतो.

‘गरिबी पाहिलेली दिसत नाही’ या वाक्याचं उत्तर मात्र द्यावंच लागेल.

मी सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातला. पाऊस झाला तर बाजरी, नाहीतर टँकर, असा आमचा पट्टा. आई-वडील दोघंही रोजगार हमीच्या कामावर मातीच्या पाट्या वाहायचे. हजेरीचे पैसे उशिरा आले की दुकानात उधारी. ती आणायला आई मला पाठवायची, कारण लहान पोराला दुकानदार चारचौघांत बोलणार नाही असं तिला वाटायचं. तो बोलायचा. चहापत्तीची पुडी बांधता बांधता मागची बाकी मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि ओट्यावर बसलेली माणसं ऐकायची. घरी आल्यावर मी आईला हे कधी सांगितलं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो आणि पहिल्या पगारात ती वही चुकती केली. त्या दिवशी पैशाने सुख दिलं. ते मी कुठे नाकारलं? लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे, वाचायची तसदी घेतली असतीत तर दिसलं असतं. पैसा भीती घालवतो, लाज घालवतो, दवाखान्याची पायरी चढायचं बळ देतो. त्याच्या पुढचं सुख तो आपोआप देतो का, एवढाच माझा प्रश्न होता.

आणि पोटदुखीचं म्हणाल तर, साहेब, आमच्या जमिनीचाही गट त्या रस्त्यात गेला. थेट खरेदीत बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दर मिळाला, तो आमच्याही खात्यावर आला. चुलत्यांचं आणि आमचं खातं सामायिक, सातबाऱ्यावर आत्यांची नावं होतीच. खरेदीखताला त्यांच्या सह्या लागल्या. थोरल्या आत्याने हक्कसोड करून दिलं. धाकटीने हिस्सा मागितला. कायद्याने तिचा होता, न्यायानेही होता. तेव्हा चुलत्यांनी वहीचा फाडलेला कागद पुढे ठेवला. त्यावर लग्नातला मांडव, वऱ्हाडाचं जेवण, दोन बाळंतपणं, डिंकाच्या लाडवांचं सामान, दर दिवाळीची साडी, प्रत्येकापुढे आकडा. आत्याने तो शेवटपर्यंत वाचला आणि हिस्सा घेऊनच गेली. बरोबर केलं तिने. त्यानंतर ती माहेरी आलेली नाही. दुष्काळात याच चुलत्यांनी सायकलवर बाजरीची गोणी बांधून तिच्या सासरी पोचवली होती, आणि तेव्हा कुणी काही लिहून ठेवलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, हा दोष माणसांचा, पैशाचा नाही. असेल. पण आज पैसा दोघांकडेही आहे आणि राखीपौर्णिमेला चुलते दिवसभर घराबाहेर राहतात. याला तुम्ही सुख म्हणत असाल तर आपलं जमायचं नाही.

मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी जमिनी विकून पैसा घेतला नव्हता. त्या एकत्र करून कंपनी काढली आणि मालकी राखली. म्हणजे ते उदाहरण तुमच्या कामाचं नाही. बाकीच्या मुद्द्यांत शिरत नाही.

तुमची प्रतिक्रिया काढून टाका, असं दोघातिघांनी कळवलं आहे. काढणार नाही. पुन्हा लिहाल तेव्हा तेवढं स्वतःच्या नावाने लिहा. मी माझ्या नावाने लिहितो.