परदेशातून: स्वयंपाकघरातले तीन रेडिओ

पुण्याला माझ्या धाकट्या भावाने नुकतीच नवी मोटार घेतली. तिच्यातला रेडिओ डिजिटल आहे असे विक्रेत्याने दोनदा सांगितले, पण त्यावर नेमके काय ऐकायचे हे त्यालाही सांगता आले नाही. भावाने मला फोन करून विचारले, "दादा, तुमच्याकडे तर हे तीस वर्षं चालू आहे. आईलाही तसलाच रेडिओ घेऊन टाकू का?" दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ऑक्टोबर २०२५ मध्ये खाजगी रेडिओच्या डिजिटल प्रसारणाविषयी शिफारशी केल्या, मुंबई, पुणे आणि नागपूर यांसह तेरा शहरांपासून सुरुवात करावी आणि देशभर एकच तंत्र ठेवावे, असे त्यांत म्हटले आहे. तेव्हापासून आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर दोन तट पडले आहेत. जग पुढे गेले आणि आपण मागे राहिलो असे एकाचे म्हणणे, तर हातात मोबाइल असताना रेडिओ हवाच कशाला असे दुसऱ्याचे. संच विकत घेणाऱ्याच्या पदरात काय पडणार, हा भावाचा प्रश्न मात्र दोन्ही तटांना सुचलेला नाही.

मी एकवीस वर्षे इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. आमच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी जुना एफएम संच आहे, फ्रीजवर डिजिटल संच आहे आणि ओट्याच्या कोपऱ्यात बोलून चालवायचा स्मार्ट स्पीकर आहे. तिन्हींवर बीबीसी रेडिओ फोर लावले की गंमत कळते. तासाच्या ठोक्याला वेळ सांगणारे सहा टिपटिप आवाज १९२४ पासून इथे वाजत आले आहेत. एफएमवर ते वेळेवर येतात, डिजिटलवर दोन-तीन सेकंदांनी, आणि स्पीकरवर बातम्यांची पहिली ओळ एफएमवर संपली तरी आलेले नसतात. घड्याळ लावायचे असेल तर आजही जुनाच संच कामाचा, असे मी बायकोला दर वेळी ऐकवतो आणि ती दर वेळी दुर्लक्ष करते.

तरीही डिजिटल रेडिओ इथे रुजला, आणि त्याचे श्रेय मी आवाजाच्या दर्जापेक्षा कार्यक्रमांना देईन. बीबीसीने डॅब या पद्धतीचे प्रसारण सप्टेंबर १९९५ मध्ये सुरू केले, पण बरीच वर्षे त्याकडे फारसे कोणी फिरकले नाही, कारण एफएमवर जे मिळत होते तेच पुन्हा ऐकायला महागडा संच कोण घेणार? २००२ मध्ये बीबीसीने केवळ डिजिटलवर ऐकू येतील अशा वाहिन्या काढल्या. त्यांतली सिक्स म्युझिक २०१० मध्ये बंद करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा श्रोत्यांनी इतका गदारोळ केला की तो मागे घ्यावा लागला. आमच्या लेस्टरशी निगडित असलेली एशियन नेटवर्क ही वाहिनी तर मूळची इथल्या स्थानिक केंद्रावरच्या दक्षिण आशियाई कार्यक्रमातून वाढलेली. मध्य इंग्लंडबाहेर ती देशभर पोहोचली ती २००२ मध्ये, डिजिटलमुळेच. एफएमच्या गच्च भरलेल्या पट्ट्यात तिला जागा मिळाली नसती. डॅबमध्ये एकाच लहरीवर अनेक वाहिन्या एकत्र बांधून पाठवता येतात, आणि या पद्धतीचा खरा फायदा एवढाच आहे.

तोटे मात्र ग्राहकाच्या माथी आले. मी २००६ मध्ये ऐंशी पौंड मोजून घेतलेला संच अजून उत्तम चालतो, पण त्यावरच्या वाहिन्यांची यादी दर वर्षी आखूड होत जाते. झाले असे, की मी तो घेतला त्याच्या पुढच्याच वर्षी डॅब प्लस ही सुधारित पद्धत ठरली. तीत कमी जागेत अधिक वाहिन्या बसतात, परंतु जुन्या संचांना ती कळत नाही. त्यामुळे एकेक वाहिनी नव्या पद्धतीकडे वळते आणि माझ्या संचावर तिच्या नावापुढे निव्वळ शांतता उरते. जागा वाचवण्यासाठी कित्येक संगीतवाहिन्या डिजिटलवर वर्षानुवर्षे मोनो आवाजात चालल्या, तर तसले संगीत एफएमवर स्टिरिओत मिळत होते. शिवाय लहर कमकुवत झाली की एफएम खरखरते पण माणूस काय बोलतो ते कळते. डिजिटलमध्ये मात्र भाताला उकळी फुटावी तसा बुडबुड आवाज येतो आणि मग काहीच नाही. वीजही डिजिटल संच अधिक खातो. बागेत दोन दिवस दिवसभर चालू ठेवला की सहा सेल संपतात, उलट आईचा ट्रान्झिस्टर दोन सेलवर महिनोन् महिने चालतो.

"मग सरळ इंटरनेटवर ऐका की" या सल्ल्याचाही अनुभव घेऊन झाला. जगभरातली केंद्रे लावणारा एक देखणा इंटरनेट रेडिओ मी हौसेने आणला होता; त्यावर पुणे केंद्र लागले त्या दिवशी घरात सण होता. पुढे त्या संचाला केंद्रांची यादी पुरवणारी सेवाच कंपनीने बंद केली आणि धडधाकट यंत्र एका रात्रीत लाकडी खोके झाले. आता मराठी ऐकायला मी मोबाइलवरचे आकाशवाणीचे ॲप वापरतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र एप्रिल २०२५ मध्ये स्पेन आणि पोर्तुगालमधली वीज एकाएकी गेली, मोबाइलची जाळीही कोलमडली, तेव्हा लोक दुकानांत रांगा लावून सेलवरचे रेडिओ घेत होते, हे विसरता येत नाही.

ज्यांनी एफएम बंदच केले, त्यांचा अनुभव संमिश्र आहे. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रसारण थांबवले. लहान स्थानिक केंद्रांना मात्र त्यातून वगळले. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२४ च्या अखेरीस तेच केले आणि तिचे श्रोते घटले. ब्रिटन अजून त्या वाटेला गेलेले नाही, आणि माझ्या मते ते शहाणपणाचे आहे.

आपल्याकडे चित्र नेमके उलटे आहे. आकाशवाणीने डीआरएम नावाच्या डिजिटल पद्धतीचे पस्तीसच्या आसपास मध्यम लहरी प्रक्षेपक केव्हाच उभारले; एका प्रक्षेपकाचा आवाज शेकडो किलोमीटर जातो, ही त्या पद्धतीची जमेची बाजू. परंतु बाजारात परवडणारे संच कुठे आहेत? काही मोटारी सोडल्या तर ते प्रसारण ऐकणार कोण? खाजगी एफएमसाठी पद्धत कोणती, हा वाद निराळाच. ट्रायच्या शिफारशीप्रमाणे एकाच लहरीवर एफएमसोबत तीन डिजिटल वाहिन्या बसतील, हे खरे. पण खाजगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा द्याव्या लागतात. अशा स्थितीत त्या जादा तीन वाहिन्यांवर पुन्हा तीच सिनेगीते वाजली, तर त्यासाठी पुण्यातला माणूस नवा संच का घेईल? सिक्स म्युझिकसारखे किंवा एशियन नेटवर्कसारखे, दुसरीकडे न मिळणारे काहीतरी आधी हवे. ते येईल आणि पद्धत एकदाची ठरेल तोवर पहिल्या गिऱ्हाइकाने माझ्या २००६ च्या संचाची आठवण ठेवावी.

इथे ब्रिटनमध्ये नवीन कोणी विचारले, तर डॅब प्लस आणि एफएम दोन्ही असलेला तीस-चाळीस पौंडांचा संच खुशाल घ्या, असेच मी सांगतो. भावाला मात्र मी आईसाठी मध्यम लहरी आणि एफएम लागणारा साधा ट्रान्झिस्टर आणायला सांगितले आहे. त्याची चकती मोठी असावी, कारण आईला बटणांवरची अक्षरे आता दिसत नाहीत. मोटारीतला रेडिओ त्याच्याकडे आहेच. एखाद्या रविवारी आईला शेजारी बसवून सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या पुण्याच्या बातम्या त्याच्यावर लागतात का, आणि लागल्या तर सिंहगड रस्त्यावर कुठवर टिकतात, ते पाहून त्याने मला कळवायचे ठरले आहे.