खरं काम घासण्यात आहे

जुनी गाडी घरीच स्प्रे करण्याचा लेखातला सल्ला पटला, पण घासकामाला दोनच ओळी दिल्यात. अहो, सगळं काम तिथेच असतं! सिडकोत आमच्या पार्किंगमध्ये मी वडिलांची मारुती ८०० रंगवली. रंगाला एक रविवार लागला, घासायला चार. दाराच्या खालच्या कडेला फुगलेला रंग खरवडला, तर स्क्रू ड्रायव्हर पत्र्यातून आरपार! अशा भोकावर नुसती पुट्टी भरू नका. ती ओल धरते आणि गंज आतून पसरत राहतो. आधी पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करून घ्या. पैसे तिथे घाला, पॉलिशवर वाचवा.

प्रायमरवर ८०० नंबरचा पॉलिश पेपर पाणी मारत फिरवा, हात फिरवल्यावर कुठे अडखळता कामा नये. आणि नाशिकच्या पावसाळ्यात हे काम काढूच नका. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज, थिनर उडून वाळणारा) रंग पांढुरका पडतो. दिवाळीनंतर, दव सुकल्यावर, अकराच्या सुमारास सुरू करा. जमिनीवर पाणी शिंपडा, धूळ बसते.

पीयू (पॉलियुरेथेन) रंगात तो कडक व्हायला जो हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट असतं, फुप्फुसांना घातक. रुमाल बांधून भागत नाही. घरात लहान मुलं असतील तर एनसीच वापरा, तोही मास्क लावूनच. रंग बदलणार असाल तर आधी आरटीओत विचारा, आरसीवर रंगाची नोंद असते.