धुऱ्यावरची पॉपी

आठवडाभरापासून गावच्या ग्रुपवर लालभडक फुलांचा फोटो फिरतोय. खाली मजकूर: ‘ओरिएंटल पॉपी एकदा लावा, २० वर्षं फुलं घ्या. ऊन-पाण्याला भीत नाही, घरची खसखस मिळते, धुऱ्यावर लावली की रानडुक्कर फिरकत नाही.’ सोबत बियांच्या पाकिटाचा भाव.

‘एकदा लावा’ एवढं खरं. ही पॉपी बहुवर्षायू आहे, मुळी जाड, खोल जाणारी. एका जागी वर्षानुवर्षं टिकते. पण कुठं? तिचं माहेर कॉकेशस, पूर्व तुर्कस्तान, उत्तर इराणकडचे डोंगर. तिथली थंडी तिला लागतेच. आपल्या डिसेंबरातल्या शेकोटीच्या गारव्यानं तिचं भागत नाही.

आणि उन्हाला भीत नाही म्हणे! फुलून झालं की ती पानं वाळवून जमिनीखाली झोपी जाते, गारवा आला की पुन्हा पानं काढते. हे तिकडच्या उन्हाळ्यात. अकोला-चंद्रपूरचा मे ४५ अंशांच्या वर जातो. त्यातूनही मुळी वाचलीच, तर मृगानंतर आपली काळी माती आहे, दिवसचे दिवस ओल धरून बसणारी. या झाडाला निचऱ्याची जमीन हवी. झोपलेली मुळी अशा चिखलात कुजते.

रानडुकराचं तर हसूच येतं. वावरात सोयाबीन, पऱ्हाटी उभी असते तेच दिवस हिच्या झोपेचे. वर पानच नाही, तर डुकरानं भ्यावं कशाला?

खसखस मात्र हसण्यावारी नेऊ नका. बाजारातली खसखस येते अफूच्या झाडापासून. ती पॉपीच, पण दुसरी जात, एका हंगामात संपणारी. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानं ती विनापरवाना लावणं गुन्हा आहे, कैद १० वर्षांपर्यंत. परवाने मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतच मिळतात. पाकिटात कोणतं बी आहे, हे दाण्याकडं बघून तुम्ही-मी ओळखणार नाही. माझी खरी धास्ती ती.

पॉपीच्या कुळातलं झाड धुऱ्यावर हवंच असेल, तर ते न पेरता उगवलंय: पिवळा धोत्रा. मेक्सिकोकडून आलेला, काटेरी, मोडला की पिवळा चीक गाळणारा. त्याचं बी मोहरीसारखं दिसतं. तेलात त्याची भेसळ होऊन १९९८ साली दिल्लीत माणसं दगावली होती. डुक्कर त्यालाही भीत नाही, हे आमच्या धुऱ्यावर पाहिलेलं आहे.