बारा आठवडे शेक आणि मधुमेह गायब? फॉरवर्डने गाळलेल्या गोष्टी

गेले काही महिने एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. सार असं: बारा आठवडे जेवण बंद, फक्त पावडरचे शेक. मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद. दहातल्या नऊ जणांचा टाइप टू मधुमेह मुळापासून बरा, मग तो कितीही जुना असो. आणि शेवटी ठरलेली फोडणी, ‘डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’. माझ्याकडे तो चार वेळा आला, त्यातला एकदा भाऊजींकडून. भाऊजींचं पुढे येतंच.

आधी कबूल करून टाकते की यातला गाभा खरा आहे. ब्रिटनमध्ये ‘डायरेक्ट’ नावाची चाचणी झाली. न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन हे तिचे प्रमुख, आणि पहिल्या वर्षाचे निकाल २०१७च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. एका गटाला तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८२५ ते ८५३ कॅलरींचे शेक आणि सूप, दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. वर्षअखेरीस पहिल्या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती, दुसऱ्या गटात फक्त ४ टक्के. एका आहाराने एवढा फरक पडणं ही मोठीच गोष्ट आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे कुठेतरी वाचलेलं असणार. अडचण त्याने जे गाळलं त्यात आहे.

‘दहातले नऊ बरे होतात.’ हा आकडा कुठून आला असेल, ते मी शोधत बसले. डायरेक्टच्या शेक गटात १४९ जण होते. त्यातल्या ३६ जणांचं वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं आणि त्या ३६ मधल्या ३१ जणांचा मधुमेह मागे हटला. म्हणजे ८६ टक्के. हेच ते ‘दहातले नऊ’. पण १५ किलो उतरवणारे मुळात चौथा हिस्सा होते. दोन्ही गट मिळून पाहिलं, तर १० ते १५ किलो उतरवलेल्यांत प्रमाण ५७ टक्के, ५ ते १० किलोवाल्यांत ३४ टक्के, आणि पाच किलोच्या आत थांबलेल्यांत ७ टक्के. वजन वाढलेल्यांत मात्र एकाचाही मधुमेह मागे हटला नाही. ही उतरंड नीट पाहिली की पुढच्या मुद्द्याचं उत्तर अर्धं मिळतंच.

‘पावडरमधले खास घटक स्वादुपिंड दुरुस्त करतात.’ पावडर स्वादुपिंडाला हातही लावत नाही. टेलर यांची मांडणी साधी आहे. गरजेपेक्षा जास्त खाणं वर्षानुवर्षं चाललं की यकृतात चरबी साठते. असं यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रंदिवस रक्तात साखर सोडत राहतं. त्यातली जास्तीची चरबी स्वादुपिंडापर्यंत पोचते, आणि इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी सुस्तावतात. कॅलरी एकदम तोडल्या की शरीर आधी यकृतातली चरबी वापरतं. २०११ मध्ये टेलर यांच्याच चमूने ११ जणांना आठ आठवडे दिवसाला ६०० कॅलरींवर ठेवलं, तेव्हा उपाशीपोटीची साखर पहिल्या आठवड्यातच ताळ्यावर आली. स्वादुपिंडातली चरबी हलायला वेळ लागतो, पण तिथे एका ग्रॅमपेक्षाही कमी उतरली तरी पेशी पुन्हा काम करू लागतात. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही मधुमेह मागे हटतो, आणि तिथे कुठलीच खास पावडर नसते.

मग शेकच का? कारण त्यात ठरवावं लागत नाही. ताटात काय, किती, आणखी थोडं वाढू का, हे सगळे प्रश्न त्या पाकिटासोबत संपतात. शिवाय त्यात जीवनसत्त्वं, खनिजं, आवश्यक मेदाम्लं मोजून घातलेली असतात. (जिमवाल्यांची प्रोटीन पावडर ही ती वस्तू नव्हे. तीन महिने फक्त तिच्यावर काढायला निघालेले मी पाहिलेत, म्हणून सांगते.)

‘गोळ्या पहिल्याच दिवशी बंद.’ सगळ्यात धोकादायक ओळ ही, कारण ती अर्धी खरी आहे. डायरेक्टमध्ये मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या खरोखरच पहिल्या दिवशी थांबवल्या होत्या. पण इन्सुलिन घेणाऱ्यांना चाचणीत घेतलंच नव्हतं. बाकीच्यांवर प्रशिक्षित परिचारिका किंवा आहारतज्ज्ञांची नजर होती, आणि साखर किंवा दाब चढला तर औषध परत सुरू होत होतं. घरच्या घरी गोळ्या सोडून दिल्या आणि चौथ्या दिवशी आहारही मोडला, तर साखर मोकाट सुटते.

आणि उलटंही होतं. भाऊजींनी फॉरवर्ड वाचून शेक सुरू केले, पण ‘गोळ्या कशाला सोडा, असू द्यात’ म्हणून ग्लिमेपिराइड पूर्वीसारखीच चालू ठेवली. त्यांना वाटलं आपण सावध आहोत. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास ताईला जाग आली ती पलंग हलतोय म्हणून. भाऊजी घामाने निथळत होते, हात थरथरत होते, आणि ‘काही नाही, झोप तू’ हे एवढं म्हणायला त्यांना तीनदा सुरुवात करावी लागली. ग्लुकोमीटरवर ५१. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी ७८. ही गोळी, आपण जेवलो की नाही हे न बघता स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. इन्सुलिनच्या इंजेक्शनचंही तेच. ग्लिफ्लोझिन गटातल्या (लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या) गोळ्यांवर असताना कर्बोदकं एकदम तोडली, तर साखर फारशी न वाढताही रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो. म्हणजे कुठली गोळी बंद, कुठली कमी, हे गोळीगणिक ठरतं आणि ते शेक सुरू करायच्या आधी ठरायला हवं. वजन झपाट्याने उतरताना पित्ताचे खडे होऊ शकतात. डोळ्यांच्या पडद्यावर आधीच परिणाम झालेला असेल, तर साखर एकदम खाली येण्यापूर्वी डोळे तपासून घ्यावे लागतात.

‘कितीही जुना मधुमेह चालतो.’ चाचणीत निदानाला सहा वर्षं पूर्ण न झालेलेच लोक होते. वय २० ते ६५, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २७ ते ४५. वर्षं जातात तशा बीटा पेशी सावरण्यापलीकडे जातात, त्यामुळे उशीर महागात पडतो. टाइप वन मधुमेहाला तर हे लागूच नाही.

‘मुळापासून बरा.’ २०२१ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या मधुमेह संघटनांसह तज्ज्ञांनी एकत्र बसून शब्द ठरवला: ‘रिमिशन’. साखर उतरवणारं औषध थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली असेल, तर रिमिशन. ‘बरा झाला’ हा शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळला. डायरेक्टमध्ये दोन वर्षांनी प्रमाण ४६ वरून ३६ टक्क्यांवर आलं. पुढे पाच वर्षांपर्यंत पाठपुरावा झालेल्या ८५ जणांत रिमिशनमध्ये उरले ११. तरीही या गटात गंभीर आजारपणाच्या घटना दुसऱ्या गटाच्या निम्म्याहून कमी होत्या, त्यामुळे ज्यांची साखर परत चढली त्यांचे कष्ट वाया गेले असं मी म्हणणार नाही. पण रिमिशनमध्ये असलेल्यांनाही डोळे, मूत्रपिंड, पाय यांची तपासणी आणि वर्षातून किमान एकदा एचबीएवनसी सुटत नाही.

‘डॉक्टर सांगणार नाहीत.’ इंग्लंडची सरकारी आरोग्य सेवा २०२० पासून हाच आहार स्वतःहून देते आहे. पुढे चला.

फॉरवर्डमध्ये तेराव्या आठवड्याबद्दल एक अक्षर नाही, आणि खरी कसोटी तिथेच सुरू होते. चाचणीत शेक एकदम बंद होत नव्हते. दोन ते आठ आठवडे घेऊन एकेका शेकच्या जागी एकेक जेवण आणलं जाई, नंतर दोन वर्षांपर्यंत नियमित भेटी, आणि वजन पुन्हा चढू लागलं तर काही आठवडे परत शेक. भाऊजी आता याच टप्प्यात आहेत, यावेळी डॉक्टरांना विचारून. ग्लिमेपिराइड बंद आहे, अकरा किलो उतरलेत, रात्रीचं जेवण परत सुरू झालंय. ताई म्हणते, शेकच्या दिवसांत ते बरे होते, आता ताटासमोर बसले की दहा मिनिटं नुसते बघत राहतात, किती वाढून घ्यायचं ते विसरल्यासारखे.