"चालवा, बसेल"

नव्या स्प्रिंगा टाकल्या की प्रीमियर पद्मिनीचं नाक वर जातं आणि ठाण्यात कुठल्याही गॅरेजात विचारा, उत्तर एकच: "साहेब, चालवा, बसेल." अहो, नवी स्प्रिंग थोडी बसते हे मान्य. पण एक बाजू वर, एक खाली, हे कसं बसणार?

सगळ्यात चीड येते ती बुश, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांच्या सांध्यातली रबरी नळी, आवळण्याची. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळतायत आणि पठ्ठ्या नट कचकचून आवळून मोकळा! रबरी बुश त्याच स्थितीत जखडतो. गाडी खाली आली की रबर पिळवटतं, गाडीला वर ढकलत राहतं आणि लवकर फाटतं. चाकं जमिनीवर, वजन स्प्रिंगांवर, मग शेवटचा आवळा. एवढंच तर सांगतोय!

उंची जास्त वाटली की म्हणे स्प्रिंगचा वेढा कापा. वेढा कमी झाला की स्प्रिंग कडक होते, घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत ते थेट मणक्याला कळतं. कोणी शॉकअपला दोष देतं. उंची शॉकअप नाही हो ठरवत, पुढच्या स्प्रिंगा आणि मागचे पाटे ठरवतात!

आणि मोजायचं ते टेपने. सपाट जमीन, टायरात नेमकी हवा, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. अलाइनमेंट गाडी बसल्यावर पुन्हा, कारण उंचीबरोबर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, बदलतो. यावर ऐकायला काय मिळतं? "जुनी गाडी आहे, एवढं काय!" जुनी आहे म्हणूनच! हिचा एकेक भाग शोधून आणावा लागतो.